सांगोल्याचा करार

मराठी राज्याचे सर्वाधिकार छत्रपतींकडून पेशव्यांकडे सोपविणारा, छत्रपती रामराजे व बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (कार. १७४०–६१) यांच्या दरम्यानचा करार. तो सप्टेंबर १७५० मध्ये बार्शीच्या नैर्ऋत्येस असलेल्या सांगोला (सोलापूर जिल्हा) येथे झाला.

छत्रपती शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजी निपुत्रिक मरण पावले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे जानेवारी १७५० मध्ये गादीवर आले. त्यांना कारभाराचा अनुभव नव्हता. ताराबाई व पेशवे या दोघांनाही सत्ता हवी होती. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याच्याविरुद्ध सदाशिवरावभाऊंनी सांगोल्यावर स्वारी केली, तेव्हा रामराजे त्यांच्याबरोबर होते. तेथेच पेशव्यांच्या सर्व व्यवहारांस संमती देण्याचे राजांनी मान्य केले. त्याच्या मोबदल्यात साताऱ्याभोवतीचा लहानसा प्रदेश राजांकडे राहावयाचा होता; पण हे कलम पाळले गेले नाही, असे ग्रँट डफ म्हणतो. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस शपथ घेऊन ते आपले नातू नसल्याचे सांगितले. तरीही पेशव्यांनी त्यांचे छत्रपतीपद कायम ठेवले. कारण पेशव्यांच्या अधिकाराचे मूळ त्याच पदात होते.

त्यानंतर राज्याचे केंद्र पुणे झाले आणि साताऱ्याकडे मुख्यतः मानमरातब उरला. प्रत्येक नव्या पेशव्यास मात्र साताऱ्याहून पदाची वस्त्रे आणावी लागत. १७७४ मध्ये ती अवघ्या काही आठवड्यांच्या सवाई माधवरावांसाठी आली. १७९६ या एकाच वर्षात प्रथम चिमाजी आप्पांना व नंतर दुसऱ्या बाजीरावांना मिळाली. पेशवा कोण, हे पुण्यातील बलाबल ठरवी. सातारा त्यावर मान्यतेची मोहोर उमटवी.

समकालीन इंग्लंडमध्येही राजसत्ता मंत्र्यांकडे सरकत होती. १७०८ नंतर तेथे कोणत्याही राजाने संसदेच्या विधेयकास संमती नाकारलेली नाही. परंतु ते मंत्री संसदेच्या विश्वासावर अवलंबून होते. पेशवेपद वंशपरंपरागत होते व त्यास जाब विचारणारी सभा नव्हती. अष्टप्रधानांची संस्थाही निष्प्रभ झाली होती. त्यामुळे सांगोल्याच्या कराराने राजाची सत्ता मर्यादित झाली, राज्यसत्ता मात्र मर्यादित झाली नाही. त्यास घटनात्मक राजेशाहीचा आरंभ म्हणता येत नाही, तो याच कारणाने.

नाममात्र पदाचेही मोल किती असते, हे १८१८ मध्ये दिसून आले. एल्‌फिन्स्टनने फेब्रुवारीत साताऱ्याहून जाहीरनामा काढून पेशवाई संपल्याचे घोषित केले व छत्रपतींसाठी स्वतंत्र राज्य राखण्याचे आश्वासन दिले. २० फेब्रुवारी रोजी सोलापूर जिल्ह्यातीलच आष्टी येथील लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावांबरोबर असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी १८१९ च्या तहाने त्यांना राज्य दिले, १८३९ मध्ये पदच्युत केले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा केला. पेशव्यांनी ज्या नावाने राज्य चालविले, त्याच नावाचा उपयोग इंग्रजांनी पेशवाई बुडविण्यासाठी केला.