लीन नेतृत्व
टोयोटा कंपनीत ताइइची ओनो (१९१२–१९९०) यांनी घडवलेल्या उत्पादनपद्धतीची तत्त्वे अधिकाऱ्याने स्वतःच्या कामाला लावण्याची रीत. ‘लीन’ ही संज्ञा जॉन क्राफचिक यांनी १९८८ मध्ये वापरली. ओनोंनी कारखान्यातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. अधिकाऱ्याच्या टेबलावर सहीसाठी अडलेली फाइल, निर्णयाविना उठलेली बैठक व न वाचला जाणारा अहवाल ही त्यांचीच रूपे. प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहणे, ‘का?’ असे पाचदा विचारून मूळ कारण शोधणे आणि हाती मोजकीच कामे घेणे, हे त्यावरचे उपाय. ठाण्याची वागळे इस्टेट व डोंबिवली औद्योगिक वसाहत येथील लघुउद्योगांत बहुधा मालकच व्यवस्थापक असल्याने त्याच्या सवयींचा परिणाम थेट उत्पादनावर होतो. अशा उद्योगांसाठीची केंद्र सरकारची लीन योजना मार्च २०२३ पासून नव्या स्वरूपात, मूलभूत, मध्यम व प्रगत अशा तीन स्तरांवर राबवली जाते.