शून्याचा अर्थ : स्मृतिदोष-निवारणातील निर्देशगणना

संगणकाच्या स्मृतीतील एखादी जागा मोकळी झाली हे कसे ओळखावे, या प्रश्नाचे एक साधे उत्तर जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली दिले. अनेक ठिकाणांहून निर्देशिलेल्या यादीपाशी त्या निर्देशांची संख्या नोंदवावी. निर्देश तुटला की ती एकाने उतरवावी. शून्य झाली म्हणजे जागा परत घ्यावी. १९६३ साली मॅकबेथ यांनी दाखविले की, चक्राकार यादीत हे शून्य कधीच येत नाही. पुढील चर्चेत याच वैगुण्याचा बोलबाला झाला. परंतु आलेल्या शून्याचा अर्थ तरी एकच असतो काय, हा प्रश्न आमच्या मते अधिक मूलगामी आहे, आणि तो फार उशिरा ऐरणीवर आला.

२००९ साली लिनक्स कर्नलच्या २.६.३२ या आवृत्तीत अँडी क्लीन प्रभृतींनी सिद्ध केलेली स्मृतिदोष-व्यवस्था समाविष्ट झाली. दुरुस्त न होणारा दोष हार्डवेअरने कळविला, तर सारे यंत्र बंद न पाडता केवळ ते दूषित पृष्ठ (बहुधा ४०९६ बाइटांचे) वेगळे काढावयाचे, हा तिचा हेतु. पृष्ठात फाइलीची न बदललेली प्रत असेल तर ती टाकून डिस्कवरून पुन्हा वाचता येते; एरवी ते वापरणाऱ्या प्रोसेसवर गदा येते.

येथे अडचण अशी की, नेहमीचा वापरकर्ता पृष्ठापर्यंत रीतसर निर्देशाच्या वाटेने येतो. दोष मात्र नुसता भौतिक पत्ता घेऊन, आगंतुकासारखा येतो. त्याने पाहिलेले शून्य म्हणजे काय? पृष्ठ मोकळ्या साठ्यात असेल. कर्नलने घेतलेल्या, पण गणना केवळ पहिल्या पृष्ठावर ठेवणाऱ्या गटातील असेल. किंवा याच क्षणी नव्या मालकाकडे निघाले असेल. आपणच शून्याचे एक करावे, तर ज्या दुसऱ्या प्रक्रियेने गणना तात्पुरती शून्यावर गोठविली असेल तिचा हिशेब चुकतो, आणि वापरातील पृष्ठ मोकळे समजले जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून ‘शून्य नसेल तरच वाढवा’ ही तपासणी व वाढ एकाच अविभाज्य क्रियेत करावी लागते.

दोषाची खूण अगोदर लावावयाची आणि गणना मागाहून पाहावयाची, हा क्रमही याच विचाराचा. पृष्ठ दरम्यान मोकळे झाले तरी पुढील वाटपाच्या वेळी ती खूण द्वारपालाचे काम करते. गटातील पृष्ठाविषयी मात्र प्रार्थना करण्यावाचून गत्यंतर नाही, अशा आशयाची टीप खुद्द प्रोग्राममध्येच होती! नंतरच्या आवृत्त्यांत मोकळे पृष्ठ साठ्यातून प्रत्यक्ष उचलले जाऊ लागले. ती शर्यत हरल्यास खूण पुसून एकदा पुन्हा प्रयत्न होतो.

२ मेगाबाइटांच्या, म्हणजे ५१२ साध्या पृष्ठांच्या, महापृष्ठांत हा पेच विशेष बिकट झाला. वाटपाच्या मध्यावर दोष येऊन थडकला तर अर्धवट घडलेल्या महापृष्ठाची गणना बिघडे. २०२१ साली नाओया होरिगुची यांनी केलेल्या दुरुस्तीनंतर हा निर्देश महापृष्ठांच्या कुलपाखाली घेतला जाऊ लागला. कुलपाबाहेर ‘हे महापृष्ठ आहे’ असे मिळालेले उत्तर आत शिरेपर्यंत खोटे ठरू शकते. म्हणून तो प्रश्न आत पुन्हा विचारावा लागतो.