मुक्तांगण विज्ञान शोधिका (आयुका)
मुक्तांगण विज्ञान शोधिका हे पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे शालेय विद्यार्थ्यांसाठीचे विज्ञानकेंद्र आहे. त्याची ‘पुलस्त्य’ ही वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. सप्तर्षींतील एका ताऱ्याच्या या नावात ‘पुल’ही सामावले आहेत.

अरविंद गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात येथे टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी घडविली. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-नळीच्या तुकड्यांनी जोडल्या की चौकोन दाबताच कलतो, त्रिकोण मात्र ताठ राहतो. पुलांच्या व छपरांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, हे मुलांना हातानेच उमगते. महागड्या प्रयोगशाळेवाचूनही हे शक्य असल्याने ग्रामीण शाळांच्या दृष्टीने ही खेळणी विशेष मोलाची ठरतात.

आयुकाच्या उन्हाळी उपक्रमाला ठरावीक अभ्यासक्रम नसतो. विद्यार्थी आठवडाभर मार्गदर्शक शास्त्रज्ञाबरोबर काम करून अखेरीस लेखी अहवाल सादर करतात.