वीजपुरवठादाराची निवड : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

विजेच्या ग्राहकाला आपला पुरवठादार निवडता यावा, या कल्पनेस भारतात व्यापक कायदेशीर अधिष्ठान मिळाले ते विद्युत अधिनियम २००३ मुळे. १० जून २००३ पासून अमलात आलेल्या या कायद्याने 'मुक्त प्रवेश' ही संकल्पना रूढ केली. दुसऱ्याच्या तारांवरून, त्याबद्दल आकार भरून, आपल्या पसंतीच्या उत्पादकाची वीज आणण्याचा हक्क, असा तिचा थोडक्यात अर्थ. हा हक्क ठाणे जिल्ह्यातील एका औद्योगिक पट्ट्यात प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला आला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :

या परिसराचा विजेशी संबंध जुना आहे. पण तो प्रामुख्याने 'वीज येथून जाते' अशा स्वरूपाचा होता. टाटांचे खोपोली (१९१५) आणि कर्जतजवळील भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत प्रकल्प उभे राहिले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. ठाकुर्लीचे चोळा वीजगृह रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, सिंधी निर्वासितांनी घरोघरी लहान कारखाने थाटले. अंबरनाथ येथे आगपेट्यांच्या कारखान्यामागोमाग शस्त्रनिर्मितीचा सरकारी कारखाना आला. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) वसाहतींमुळे अंबरनाथ व बदलापूर ही रसायन व अभियांत्रिकी उद्योगांची केंद्रे बनली. १९६० मध्ये स्थापन झालेले राज्य विद्युत मंडळ हेच येथील उद्योजकाचे वीज-विश्व होते. पुरवठादार कोण, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. वीज येईल की नाही, एवढाच प्रश्न होता.

दाभोळ प्रकरणाने मंडळाचे आर्थिक कंबरडे मोडले, हे सर्वज्ञात आहे. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग अस्तित्वात आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली. नेमक्या याच काळात भारनियमन तीव्र झाले. विभागातील वीजगळती आणि वसुली यांच्या प्रमाणावर भारनियमनाचे तास ठरू लागले. वेळेवर बिल भरणाऱ्या कारखानदारालाही शेजाऱ्याच्या चोरीचा दंड सोसावा लागे. पुरवठादार बदलण्याच्या इच्छेचे मूळ दरापेक्षाही या अनुभवात अधिक असावे.

एक मेगावॉटची रेषा :

कायद्यातील २००३ च्याच दुरुस्तीनुसार एक मेगावॉटपेक्षा अधिक मागणी असलेल्या ग्राहकांना पाच वर्षांच्या आत, म्हणजे जानेवारी २००९ पर्यंत, मुक्त प्रवेश देणे आयोगांवर बंधनकारक होते. ही मर्यादा वरकरणी तांत्रिक वाटते. वस्तुतः ती सामाजिक होती. शहाड-अंबरनाथ भागातील मोजके मोठे कारखाने रेषेच्या वर गेले. उल्हासनगरमधील जीन्स शिवणारा, फर्निचर विकणारा, अंबरनाथच्या वसाहतीतील गाळाधारक हे सारे रेषेखाली राहिले.

रेषेवरच्यांनाही निवड स्वस्त पडली नाही. बाहेरच्या विजेच्या मूळ दरावर पारेषण आकार, वहन आकार, मार्गातील गळतीची भरपाई, शिवाय क्रॉस-सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार चढत. अधिभारामागचा युक्तिवाद डावलण्याजोगा नाही. उद्योगाच्या चढ्या दरातून शेतकरी व घरगुती ग्राहकांची वीज स्वस्त ठेवली जाते. मोठा ग्राहक निघून गेला तर तो भार मागे राहिलेल्यांवर पडणार. परंतु मागे राहिलेल्यांत अंबरनाथचा लहान कारखानदारही होता, हे या चर्चेत क्वचितच बोलले गेले. त्यातच पंधरा-पंधरा मिनिटांच्या कालखंडांनुसार विजेचे आगाऊ वेळापत्रक द्यावे लागे. बॅचनुसार चालणाऱ्या रसायन उद्योगाला रिअॅक्टर केव्हा तापेल हे असे बांधून सांगणे अवघडच. म्हणून अनेक उद्योगांचा ओढा सामूहिक स्वयंनिर्मितीकडे वळला. प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी आणि किमान ५१ टक्के विजेचा स्ववापर या अटी पाळल्यास क्रॉस-सबसिडी अधिभार टळतो. पुरवठादार निवडण्याऐवजी पुरवठादाराचा भागीदार होणे, असा हा मार्ग होता.

मुंबईशी तुलना :

याच मध्य रेल्वेवर घाटकोपरच्या दुकानदाराची स्थिती निराळी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जुलै २००८ च्या निकालानंतर आयोगाने ऑक्टोबर २००९ मध्ये मुंबई उपनगरांतील ग्राहकांना रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची मुभा दिली. तेथे एक मेगावॉटची अट नव्हती. सामान्य घरगुती ग्राहकही पुरवठादार बदलू शकत होता. कारण तेथे एकाच क्षेत्रात दोन परवानाधारक होते. भांडुप-मुलुंडपासून महावितरणची हद्द लागते आणि ही निवड तेथेच थांबते. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर आली, पण फ्रँचायझी म्हणून. ग्राहकापुढे पुन्हा एकच नाव, फक्त बदललेले.

अलीकडील घडामोडी :

६ जून २०२२ च्या केंद्रीय हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी अपारंपरिक विजेपुरती मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली. नंतरच्या दुरुस्तीने एकाच विभागातील अनेक जोडण्यांची बेरीज ग्राह्य धरली गेली. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्यम उद्योगांना यामुळे प्रथमच दार किलकिले झाले. वीस-तीस किलोवॉटच्या गाळाधारकाला छतावरील सौर पॅनेलखेरीज फारसा पर्याय नाही, आणि भाड्याच्या गाळ्याला स्वतःचे छतही नसते. समांतर परवान्यासाठी अदानी समूहाने २०२२ मध्ये आयोगाकडे अर्ज केला, त्याविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये संप पुकारला. अर्जात भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण ही क्षेत्रे होती. कल्याणपलीकडील ही तीन शहरे त्यात नव्हती.