मंजूर, महसूल आणि मजकूर

तहसील कचेरीत अर्ज मंजूर होतो, महसूल भरला जातो, थकबाकीपोटी माल जप्त होतो. हे रोजचे शब्द आपल्याकडे आले कसे?

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तिचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. निजामशाही, मोगल, आसफजाही असे राज्यकर्ते बदलत गेले. वरच्या दफ्तराची भाषा मात्र दीर्घकाळ मुख्यतः फारसीच राहिली. त्या फारसीत अरबी शब्द भरपूर होते.

अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. न-ज-र म्हणजे पाहणे. त्यापासून 'नाजिर' म्हणजे पाहणारा. कोर्टातला नाझर तो हाच. 'मंजूर' म्हणजे पाहिलेले, म्हणून पसंत केलेले. आपल्या '-लेला' प्रत्ययाचे काम तिथे आधीचा 'म' आणि शेवटच्या व्यंजनापूर्वीचा 'ऊ' करतात. याच साच्यातून ह-स-ल पासून 'महसूल', म्हणजे मिळालेले. 'तहसील' आणि 'त्यात काय हशील?' मधले 'हशील' ही त्याचीच भावंडे. 'जप्त' आणि 'मजबूत' हेही एकाच धातूचे : घट्ट धरणे.

हे शब्द फारसीमार्गे आले याचा पुरावा उच्चारात आहे. मंजूर, मजबूत, मजकूर यांतला 'ज' अरबीत तीन वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात व वेगवेगळा उच्चारतात. फारसीत तिन्हींचा उच्चार एकच झाला, आणि मराठीने तो 'ज' म्हणून घेतला.

युरोपातही असेच घडले. लॅटिनमध्ये 'दिलेले' या अर्थाचे 'दाता' हे रूप पत्रावर दिवस नोंदवताना येई. पोलिश भाषेने ते उचलले. तिथे त्याचा अर्थ आहे फक्त 'तारीख'. शब्द आला, व्याकरण मागे राहिले. आपणही मराठी धातूला 'म' आणि 'ऊ' लावून नवे शब्द घडवत नाही.

व्याकरण सुटले की अर्थही सरकतो. जुन्या कागदातील 'मौजे मजकूर' म्हणजे 'वर उल्लेखिलेले गाव'. आजचा 'लेखातील मजकूर' हा अर्थ तिथे लावला, तर कागद कोणत्या गावाविषयी बोलतो हेच कळणार नाही.

वर्गात अशा शब्दांची यादी जरूर करावी. 'मशहूर', 'मालूम' तीत बसतील. 'मजूर' मात्र बसणार नाही. तो फारसी 'मुज्द', म्हणजे मोबदला, यापासून आला आहे. नुसते साम्य हा पुरावा नव्हे, हे विद्यार्थ्यांना याच एका शब्दावरून दाखवता येईल.