काचेतील चांदीचे सोने



मुंबईस जाऊन आलेल्यांपैकी अनेकांनी कुलाब्याचे अफगाण चर्च किंवा विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पाहिला असेल. बाहेरून या इमारतींच्या खिडक्या काळपट दिसतात. आत जाऊन उजेडाकडे तोंड केले म्हणजे त्यांतील रंग उमलतात. त्यांपैकी एकट्या पिवळ्या रंगाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. हा पिवळा सोन्याचा नव्हे. तो चांदीचा आहे.

काच रंगविण्याच्या जुन्या रीती दोन. काच वितळत असतानाच तीत धातू मिसळावयाचा, जसे निळ्यासाठी कोबाल्ट. किंवा लोखंडाची वा तांब्याची भुकटी काचेच्या पुडीबरोबर खलून तयार काचेवर रेघा काढावयाच्या आणि भट्टीत भाजावयाच्या. या दुसऱ्या रीतीत रंग काचेच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो. चांदीची तऱ्हा तिसरीच. चांदीचा क्षार पिवळ्या मातीत कालवून काचेला, बहुधा मागील अंगास, लेप देतात आणि साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सियसवर भाजतात. त्या उष्णतेत काचेतील सोडियम बाहेर पडतो व त्याची जागा चांदी घेते. तिचे अतिसूक्ष्म कण प्रकाशातील निळा-जांभळा भाग शोषून घेतात आणि उरलेला उजेड पिवळा दिसतो. भट्टी निवल्यावर माती पुसून काढली, तरी लिंबापासून मधापर्यंतची एखादी छटा काचेच्या अंगातच राहते.

या युक्तीचा शोध कोणी लावला? युरोपात एक गोड आख्यायिका आहे. उल्म गावचा याकोब नावाचा काचचित्रकार बोलोन्यात भट्टी लावीत असता त्याच्या बाहीचे चांदीचे बटण काचेवर पडले आणि तेथे पिवळा डाग उमटला! पण याकोबाचा जन्म १४०७ सालचा, आणि फ्रान्समधील नॉर्मंडीत ल मेनिल-व्हिलमां येथील खिडकीत हा पिवळा १३१३ सालीच दिसतो. त्याहीपूर्वी, इ. स. ७७३ च्या सुमाराचा, इजिप्तच्या सुभेदाराचे नाव असलेला, अशाच जातीच्या लेपाने रंगविलेला काचेचा पेला कैरोच्या संग्रहालयात आहे. म्हणजे हे ज्ञान इजिप्त-सीरियाकडील कारागिरांपाशी सुमारे साडेपाचशे वर्षे आधी होते. बटणाच्या गोष्टीने त्या अनाम कारागिरांचे श्रेय मात्र झाकले जाते.

युरोपात या रंगाने काय साधले? तोवर प्रत्येक रंगाचा तुकडा निराळा कापून शिशाच्या पट्टीने जोडावा लागे. आता एकाच पांढऱ्या काचेवर चेहरा पांढरा आणि केस, मुकुट व प्रभावळ सोनेरी, असे करता येऊ लागले. निळ्या काचेवर लेप दिला की हिरवा मिळे. चित्रातील शिशाच्या काळ्या रेघा कमी झाल्या आणि खिडकीत उजेड वाढला.

आपल्याकडे ही कला तयार मालाच्या रूपाने आली. १८५८ साली पवित्रीकरण झालेल्या अफगाण चर्चच्या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याने केलेल्या. १८६९ ते १८७८ या काळात उभा राहिलेला राजाबाई मनोराही त्याच युगातला. माल आला, पण त्यामागची विद्या खोक्यात भरून येत नाही. ती स्वतः कमवावी लागते, हे आपल्याच पुणे जिल्ह्याने ओळखले. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काचकारखाना निघाला. परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे तरुण काच करण्यास शिकले. त्या कारखान्याने देशाला काचेइतकेच काच जाणणारे हातही दिले.

२०१३ ते २०१५ या काळात राजाबाई मनोऱ्याची दुरुस्ती झाली, तेव्हा त्याच्या रंगीत काचांचीही डागडुजी करण्यात आली. ज्याला कृती ठाऊक आहे त्यालाच असे काम हाती घेता येते. कारेगावच्या आसपास रांजणगावच्या वसाहतीत आज कारखाने पुष्कळ आहेत. यंत्रे विकत घेता येतात. पण वरून चिकटलेले शिक्षण आणि अंगात मुरलेले शिक्षण यांत जो भेद आहे, तोच काचेवरील रंगात आणि काचेतील रंगात आहे. पहिले घासले की जाते. आपल्या मुलांना कोणते द्यावयाचे, याचा विचार श्रोत्यांनी करावा, इतकीच आमची विनंती आहे.