जाहिरातीची पाने फाडू नका

छपाईच्या धंद्याची जुनी नियतकालिके जमवणारे अनेकजण लेख ठेवतात आणि जाहिराती काढून टाकतात. ग्रंथालयेही वर्षाचे अंक बांधताना पुष्कळदा हेच करत. शिकागोच्या 'इनलँड प्रिंटर'साठी विल ब्रॅडलीने १८९४ मध्ये बदलती मुखपृष्ठे काढली, तीही अशा बांधणीत गळाली. या छाटणीत इतिहासाचा अर्धा पुरावा जातो, असे माझे ठाम मत आहे. लंडनचे 'पेनरोज' वार्षिक पाहावे. १८९५ मध्ये ते सुरू करणारी कंपनी ब्लॉकमेकरांना कॅमेरे आणि इतर सामग्री विकत असे. कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी तिच्याकडूनच सामान मागवून हाफटोन ब्लॉक करायला घेतले, आणि १८९७ पासून त्यांचेच लेख त्या वार्षिकात येऊ लागले. हाफटोनसाठी तेव्हा कॅमेऱ्यात प्लेटपुढे आडव्याउभ्या रेघांची काच थोडे अंतर सोडून धरत. त्यामुळे चित्राच्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत उतरत. ते अंतर कारागीर बहुधा अंदाजाने ठरवत. उपेंद्रकिशोरांनी त्यामागचे प्रकाशाचे गणित मांडले. त्यांचा लेख सुटा वाचला तर तो भौतिकशास्त्राचा निबंध वाटतो. त्याच खंडातल्या सामानाच्या जाहिराती आणि छपाईचे नमुने पाहिले की खरा व्यवहार उमगतो: एक गिऱ्हाईक विकणाऱ्याच्याच पानांवर त्या मालाचे शास्त्र शिकवत होते, तेही साम्राज्याच्या राजधानीला, एका वसाहतीतून.

जाहिरात फुगवून बोलते, हा आक्षेप खरा आहे. तिच्यातले यंत्र किती छापखान्यांत पोचले, हे तिच्यावरून ठरवता येणार नाही. पण लेख तरी कुठे निःपक्ष असतो? तो कोणाच्या पैशावर छापला गेला, हे जाहिरातीच सांगतात. नमुनेही निवडूनच दिलेले असणार. तरी भिंग लावले की ठिपके कुठे भरून आले, रंगांचा मेळ कुठे हुकला, हे दिसते.

दुसरा आक्षेप स्कॅनचा: स्कॅन असताना कागद कशाला जपायचा? शोधायला स्कॅन फार उपयोगी, यात वाद नाही. मात्र स्कॅनच्या चौकोनांची जाळी ठिपक्यांच्या जाळीवर पडली की लाटांसारखी खोटी नक्षी उमटू शकते, आणि हाफटोनच्या अभ्यासकाला नेमके ठिपकेच पाहायचे असतात. कागदाची झिलई आणि शाईचा थरही पडद्यावर हाती लागत नाही. शिवाय नमुने अनेकदा आर्ट पेपरवर असत. ओलावा लागला की ती पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाईच सोलून निघते. म्हणून जपणुकीची सुरुवात लेखांपासून नव्हे, त्या पानांपासून करावी.